“म्हणजे काय, तूच सांग”

डॉ. शैलजाताईंची पहिली ओळख कळसच्या शाळेत झाली. मी तिथे शिक्षक होतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरासाठी त्यांना दोन वर्ग हवे होते. माझी पत्नी कुसुम हिने पडद्यांसाठी घरच्या चादरी दिल्या. बायका पुढे येईनात, म्हणून पहिली तपासणी तिने स्वतःचीच करून घेतली. रिपोर्ट नॉर्मल आला. “मी पास झाले, सुटले आता,” असे ती साऱ्या आळीत सांगत असे.

पुढे काही वर्षांनी, पाळी गेल्यानंतर, तिला रक्तस्राव सुरू झाला. “माझा रिपोर्ट चांगला हाय की,” म्हणून ती तपासायला गेली नाही. गेली तेव्हा उशीर झाला होता.

ती वारल्यावर ताई घरी भेटायला आल्या. निघताना म्हणाल्या, “गुरुजी, नॉर्मल म्हणजे सध्यापुरतं. ठरल्या मुदतीला पुन्हा यायचं, आणि रक्त दिसलं तर मुदतीची वाट बघायची नाही. हे मी वहिनींना सांगितलं होतं. त्यांना काय समजलं, ते विचारलं नव्हतं.”

तेव्हापासून रिपोर्ट सांगून झाला की ताई प्रत्येकीला विचारतात, “म्हणजे काय, तूच सांग.” इंदापूरच्या त्यांच्या दवाखान्यात रांग त्यामुळे सावकाश सरकते. “औषध घ्यायला आलोय का शाळंत?” असे टोमणे बाकावरून ऐकू येतात. ताई ते ऐकतात आणि पुढचीलाही तेच विचारतात.

मध्यंतरी माझी सून अश्विनी हिच्या तपासणीत याच कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू सापडला. घरात चूल पेटली नाही. मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. ताईंनी तिला समोर बसवून सगळे समजावले, मग नेहमीचा प्रश्न विचारला.

“विषाणू हाय, कॅन्सर न्हाय,” अश्विनी म्हणाली. “बऱ्याचदा आपसूक जातो. पण दुर्बिणीतनं बघून घ्यायचंच.”

“आणि बघून काही निघालं नाही, तर?”

“मग सुटले.”

मी मान वर केली. ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले आणि पुन्हा विचारले.

“सुटले न्हाय,” अश्विनी म्हणाली. “तुमी सांगाल तवा परत यायचं. मधी काय वेगळं दिसलं, तर लगीच.”

“आता जा.”

दुर्बिणीतून काही दोष निघाला नाही. ठरलेल्या मुदतीला अश्विनी आपणहून जाऊन आली. तिला आठवण करून द्यावी लागली नाही.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभो. अश्विनीला त्यांनी पुढची मुदत दिली आहे. ती जाईल तेव्हा समोरच्या खुर्चीत ताईच असाव्यात आणि त्यांनी तिला तोच प्रश्न विचारावा.