आखाजीचं वांगं

त्या प्राण्याला खरं नाव काहीतरी असेलच. आम्ही भावंडं त्याला वांगं म्हणायचो. जांभळं, गोल, डोक्यावर हिरवी टोपी आणि खाली दोन पाय. आमच्या जुन्या टीव्ही गेमच्या पहिल्याच फळीवर ते इकडून तिकडे चालायचं, कडेला पोचलं की क्षणभर थबकायचं आणि वळून परत यायचं. त्याला उडता येत नाही, काही फेकता येत नाही, धड पळताही येत नाही. इतका फालतू शत्रू मी दुसरा पाहिला नाही. आणि माझ्या नवऱ्याला तो मारता येत नव्हता.

गोष्ट यंदाच्या आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात आणि पुरुष उघडपणे पत्ते कुटतात. गेल्या वर्षी हे सोनगीरला माझ्या माहेरी आले, पत्त्यांत हरले आणि पोट बिघडल्याचं सांगून न जेवताच जळगावला परत गेले. जावई उपाशी गेला, ही बातमी गावभर झाली. म्हणून यंदा माझ्या भावाने पत्ते लपवून ठेवले आणि माळ्यावरून आमच्या लहानपणीचा टीव्ही गेम काढला. हा एकट्यानेच खेळायचा, तेव्हा कुणाकडून हरायचा प्रश्नच नाही, असं त्याचं डोकं चाललं. वांग्याला तो साफ विसरला होता.

आमचे हे कॉम्प्युटर शिकवतात. स्वतःचा क्लास आहे. "हे तर पोरांचं काम," म्हणत सोफ्यावर मांडी घालून बसले आणि पहिल्याच फळीवर मेले. रिमोट नीट चालत नाही म्हणाले. भाऊ म्हणाला, हो, बटणं जुनी झालीत. पुन्हा मेले. टीव्हीत चित्र उशिरा येतं म्हणाले. वहिनी म्हणाली, हो ना, आमच्या मालिकाही तशाच रेंगाळतात. यांची पद्धत अशी, की वांगं दिसलं रे दिसलं की घाईने उडी मारायची, आणि पडद्यावरच्या बाहुल्याबरोबर स्वतःही सोफ्यावरून वीतभर उठायचं. वास्तविक करायचं एवढंच असतं, की ते कडेला जाऊन थबकेपर्यंत दम धरायचा आणि मग त्याच्या डोक्यावर उडी मारायची. पण सांगणार कोण? जावयाला शिकवायची आमच्या घरात रीत नाही. त्याच्या आधी जेवायचीही नाही.

आत स्वयंपाकघरात घागर पुजून झाली होती, पितरांना घासही टाकून झाला होता. ताटं मांडताना आईने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इन्सुलिनची सुई दिली. सुई घेतली की लगेच जेवावं लागतं. तेवढ्यात बाहेरून यांचा आवाज आला, "एवढं मारतो आणि आलोच."

आबा पाटावर बसून राहिले. मी आमरसाची वाटी पुढे केली, त्यांनी बाजूला सारली. आईकडे पाहिलं तर ती म्हणाली, "पाव्हना बसू दे, मंग बठ्ठासले वाढूत." म्हणजे जावई बसेपर्यंत कुणालाच वाढायचं नाही. मी बाहेर जाऊन यांना सांगितलं की आबांना सुई दिलीय, उठा. "हो, झालंच," म्हणाले. नजर टीव्हीवरच. परत आत आले तर आबांच्या कपाळावर घाम आलेला, हाताची बोटं थरथरत होती, आणि तरी हात ताटाकडे जात नव्हता. मला भीती वाटली आणि संतापही आला. यांचा आला, आईचा आला, ताटासमोर उपाशी बसलेल्या आबांचाही आला. म्हातारा माणूस घामाघूम झालाय आणि अख्खं घर एका वांग्याच्या मरणाची वाट बघतंय!

मी तरातरा बाहेर गेले आणि यांच्या हातातून रिमोट काढून घेतला. वांगं चालत कडेला गेलं, थबकलं, मी उडी मारली. ते चपटं झालं आणि दिसेनासं झालं.

"मेलं," मी म्हणाले. "आता जेवायला चला."

वहिनीने ओढणी तोंडाला लावली. भाऊ टीव्हीमागच्या वायरी तपासायला लागला. हे उठले, सावकाश हात धुतले आणि पाटावर येऊन बसले. यांचा पहिला घास तोंडात गेला तेव्हा कुठे आबांनी पोळीचा तुकडा रसात बुडवला. तो खाऊन त्यांनी डोळे मिटून घेतले. मला तेवढंच हवं होतं.

जरा वेळाने यांना कंठ फुटला. म्हणाले, "मी त्याला दमवत आणलं होतं. ही आयत्या वेळी आली."

ते वांगं आमच्या लहानपणापासून त्याच फळीवर चालतंय, ते म्हणे यांच्यामुळे दमलं. पण हसलं कुणीच नाही. सगळे आबांकडे बघायला लागले. त्यांच्या बोटांची थरथर अजून पुरती थांबली नव्हती.

"खरं शे," आबा म्हणाले. "पाव्हनास्नीच त्याले दमाडेल व्हतं."

यांची मान ताठ झाली. यांनी आणखी एक पोळी मागितली. मी उठले, पोळी वाढली आणि वर सवयीने तूपही वाढलं.