माझा वर्ग तिच्याकडे गेला

आमच्या छावणी भागातल्या चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, मी वीस वर्षं मुलांचं संडे स्कूल घेतलं. धाकटा भाऊ अपघातात गेला आणि माझी प्रार्थना थांबली. डोळे मिटायचे, हात जोडायचे, पुढं काहीच नाही. मुलांना मात्र गोष्टी सांगत राहिले.

हे मी फक्त एका मैत्रिणीला सांगितलं. आम्ही दोघी चर्चच्या महिला मंडळात शेजारी बसून गायचो. ती मूळची पाचोडची, बोलायला रोखठोक, पण मायाळू. पाचोडच्याच एका सभेहून परतताना एसटीत मी तिला म्हणाले, "भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं."

"होतं असं. माझ्यापाशीच राहील हे," ती म्हणाली, आणि उरलेल्या वाटेभर माझा हात धरून बसली.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकांनी, आमच्या धर्मगुरूंनी, मला आतल्या खोलीत बोलावलं. कमिटीतले दोघं बसलेले. "ताई, थोडे दिवस विश्रांती घ्या. भिंतीशी बोलल्यासारखं वाटत असेल, तर मुलांपुढं उभं राहू नये."

माझेच शब्द, जसेच्या तसे.

बाहेर व्हरांड्यात ती गीतांची पुस्तकं गोळा करत होती. वर न बघताच म्हणाली, "तुझ्या भल्यासाठीच सांगितलं."

माझा वर्ग तिलाच दिला.

मी देवळात जाणं सोडलं नाही. पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायच्या रांगेत ती पुढं असली की माझी मान आपोआप वळायची. पाळक देवाच्या कृपेवर बोलायचे आणि मी मनात म्हणायचे, हिच्यावर नको.

दोन वर्षांनी तिच्या लेकीचं बाळ पोटातच गेलं. मी भेटायला गेले नाही. महिन्याभरानं भर दुपारी तीच माझ्या दारात उभी. घामाघूम, रिक्षाही न करता आलेली.

"मला प्रार्थना करता येत नाय," ती म्हणाली. "एक शब्द येत नाय."

"मलाच का सांगतेस?"

"तुला ठाऊक हाय म्हणून."

इतका संताप आला की हातातलं पाण्याचं तांब्याभांडं खाली ठेवावं लागलं. "आणि मुलांना काय शिकवतेस सध्या?"

"कृपा," ती म्हणाली आणि रडायला लागली. "लायकी नसताना मिळती, असं पाठ करून घेते त्यांच्याकडून."

मी तिला जवळ घेतलं नाही. पाणी दिलं. ती शांत झाल्यावर एवढंच म्हणाले, "वर्ग सोडू नको. नुसत्या गोष्टी सांगत जा. मीही तेच करत होते."

पुढच्या रविवारी पाळकांनी मला फाटकापाशी गाठलं. "तुमचा वर्ग घेणाऱ्या ताई हल्ली गप्प असतात. तुमच्यापाशी काही बोलल्या?"

अगदी ओठांवर आलं होतं. एका वाक्यात हिशेब मिटला असता.

"लेकीचं दुःख आहे," मी म्हणाले. "त्यांना सांभाळून घ्या."

प्रेमानं बोलले असं म्हणणार नाही. घरी येऊन मी रडले, कारण माझ्यासाठी हे वाक्य कुणी बोललं नव्हतं. वीस वर्षं मी कृपा शिकवली ती मला मिळणारी म्हणून. ती माझ्याच हातानं, तिलाच द्यावी लागेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

वर्ग अजून तीच घेते. तिनं माफी मागितलेली नाही. मी वाट बघणं सोडलंय, असंही नाही.