कॉर्कच्या मावशीला खजूर

आमच्या यांना आयर्लंडमधलं कॉर्क शहर तोंडपाठ आहे. कुठल्या गल्लीत कुठलं हॉटेल, कुठल्या पुलावरून नदी चांगली दिसते, कुठल्या बेकरीपुढे सकाळी रांग लागते, काहीही विचारा. फक्त तिथे कधी गेलात का, एवढं विचारू नका.

शारजात अल मजाजला आमचा टॉवर, आणि खाली खाडीचं छान पाणी. संध्याकाळी लोक त्या पाण्याकाठी फिरायला जातात. आमचे हे दुबईतल्या अल क्वोजच्या वेअरहाउसमधून ट्रॅफिकमध्ये रखडत घरी येतात, बर्मुडा चढवतात आणि कॉर्कला फिरायला जातात. कंप्यूटरवर नकाशा उघडायचा, त्यातले रस्त्यांचे फोटो समोर आणायचे आणि बाण दाबत दाबत पुढे सरकायचं. मुलगी तिकडे एम.एस्सी.ला गेल्यापासूनचा हा नेम. घरात एखादे दिवशी रोझरीची प्रार्थना चुकेल, कॉर्क चुकत नाही.

बरं, एकट्याने मुकाट्याने फिरतील तर ते हे कसले! "अगं, ये, किल्ला बघ. आपल्या वसईच्या किल्ल्यापुढे काहीच नाही." कधी जुना झाकलेला बाजार आणि तिथलं डुकराचं सॉसेज. कधी चर्चचा मनोरा. त्या मनोऱ्याला चार बाजूंना चार घड्याळं आहेत, त्यांचं म्हणे एकमेकांशी पटत नाही, म्हणून गावातले लोक त्याला चारतोंडी खोटारडा म्हणतात. हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता कांदा चिरता चिरता नुसती मान हलवते. पिण्याचं तर बोलूच नका. ज्या शारजात बिअरचा थेंब विकत मिळत नाही, तिथे बसून हा माणूस काळ्या बिअरचा फेस कसा बसू द्यावा यावर मित्रांना फोनवर व्याख्यान देतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आमच्या इथे निदान उंट तरी खरे आहेत.

या ज्ञानाचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे आमची मुलगी. ती शारजातच वाढली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की व्हिडिओ कॉलवर तिची उलटतपासणी सुरू.

"बाय, त्या पुलाजवळच्या निळ्या दाराच्या हॉटेलात गेलीस का? बाहेर बोर्ड आहे बघ, सूप आणि ब्राउन ब्रेड."

"येस डॅडी, आय वेंट."

"कोण असतं तिथे?"

"वन ओल्ड लेडी."

"तुला ओळखते?"

"ऑफ कोर्स, डॅडी. शी गिव्ज मी एक्स्ट्रा ब्रेड."

यांचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून ती बाई आमच्या घरचीच झाली. हे तिला मावशी म्हणू लागले. पुढच्या रविवारी कळलं, मावशी सत्तरीची आहे. त्याच्या पुढच्या रविवारी, मावशीचे गुडघे दुखतात. मावशी "जेवलीस का?" असं विचारल्याशिवाय मुलीला सोडत नाही. मी यांची थट्टा करायचे, पण खरं सांगायचं तर मलाही त्या मावशीचा मोठा आधार होता. एकुलती एक पोर परक्या देशात, तिचा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा बारीक होत चाललेला. तिथे तिचं कुणीतरी आहे, एवढंच मला पुरेसं होतं.

ईदच्या सुट्टीत आमच्याच मजल्यावरचं एक मुंबईचं जोडपं आयर्लंडला निघालं. सगळा टॉवर जॉर्जियाला नाहीतर अझरबैजानला जातो आणि हे आयर्लंडला, त्यामुळे त्यांना आधीच शिंगं फुटली होती. यांनी त्यांना चहाला बोलावलं आणि कुठे खा, कुठे प्या, काय बघा, यावर त्यांचा चहा पार गार होईपर्यंत तोंडाचा पट्टा चालवला.

"पण भाऊ, तुम्ही कधी गेला होता?" शेजाऱ्याने विचारलं.

"मी रोज जातो," हे म्हणाले.

निघताना यांनी त्यांच्या हातात खजुराचा मोठा डबा ठेवला. मावशीसाठी. मुलीला मात्र सांगायचं नाही, सरप्राइज! "मावशीला बोला, शारजाहून आलोय, मुलीच्या आईवडिलांनी थँक्यू सांगितलंय. यल्ला, हॅपी जर्नी!"

ते कॉर्कला पोचले आणि दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याचा व्हिडिओ कॉल आला.

"वहिनी, भाऊ आहेत का? अहो, निळा दरवाजा तर आहे, पण आत काहीच नाही. बोर्ड पण गेलाय. बाजूवाला बोलतो, ये तो करोना के टाइम से खलास आहे. मॅपवरचा फोटो जुना असणार!"

हातात खजुराचा डबा धरून तो गडी बंद दारापुढे उभा होता. मी पोट धरून हसले. इतके महिने जगाला सूप पाजणारा माणूस चांगला तोंडघशी पडला होता. आता काहीतरी झोंबेल असं बोलावं म्हणून मी यांच्याकडे वळले, तर हे त्या दाराकडे बघत होते.

"मग तिला जेवलीस का, असं कोण विचारतं?" हे म्हणाले.

माझं हसू जागच्या जागी विरलं. मुलगी कॉर्कला गेली गेल्या वर्षी. म्हणजे सूप नव्हतं, ब्रेड नव्हता आणि मावशीही नव्हती. बाप दर रविवारी विचारत राहिला, आणि त्याला घोर नको म्हणून पोरीने त्याच्यासाठी एक म्हातारी उभी केली, तिला गुडघेसुद्धा दिले. मला आधी तिचा राग आला. मग धड रागावताही येईना.

"वहिनी, खजुराचं काय करू?" शेजारी विचारत होता.

"आमच्या मुलीला द्या," मी म्हटलं. "मावशीला पोचव म्हणावं. बाकी काही बोलू नका."

रविवारी ती फोनवर आली. तिच्या मागे खिडकीत तोच डबा होता, झाकण उघडं.

"मावशीला आवडले का खजूर?" यांनी विचारलं.

"शी लव्ह्ड देम, डॅडी."

यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मग मीच बोलले.

"मावशीला माझा एक निरोप सांग. म्हणावं, दुसऱ्यांची काळजी पुष्कळ केलीस. तिथे करमत नसेल, एकटं वाटत असेल, तर लाजू नको. सरळ आमच्याकडे निघून ये. कुणी तुला काही विचारणार नाही."

मुलीने मागे वळून त्या डब्याचं झाकण लावलं. मग कधी नव्हे ते ती मराठीत बोलली.

"मावशी म्हणते, परीक्षा संपली की येते."

सत्तरीच्या म्हातारीची परीक्षा! एरवी मी सोडलं नसतं.

"ये म्हणावं," हे म्हणाले. "सूप आपण घरी करू."