टाकीवरची तीन टिंबं

हसायचं ते आधीच हसून घ्या, नाहीतर मध्येच चहा अंगावर सांडेल. या फजितीमागचं गुपित मी फक्त माझ्या डायरीला सांगितलं होतं, आणि त्या डायरीनेच माझा घात केला!

तर, गोष्ट आहे सासऱ्यांच्या जुन्या मोटारीची. काळी, गोल पाठीची, सासऱ्यांनी ऐन उमेदीत घेतलेली. सासरे म्हणजे आमचे रोह्याचे अण्णा, निवृत्त हेडमास्तर. नजर कमी झाल्यावर त्यांनी गाडी माझ्याकडे, पेणला रामवाडीत पाठवली. पण अट घालून.

"जावईबापू, हिचा एकेक स्क्रू मूळचा आहे. एक जरी भाग बदललेला दिसला, तर गाडी धाकट्या जावयाकडे."

धाकटा जावई कंपनीत इंजिनीअर. आमच्याकडे आला की आधी बॉनेट उघडून बघायचा आणि मग मला नमस्कार करायचा. अशा माणसाच्या हाती गाडी जाऊ द्यायची? तुम्हीच सांगा!

त्यात अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आठवड्यावर आलं. कार्यालयाच्या दारात त्यांना याच गाडीतून उतरायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच गाडी आचके देऊ लागली. पेट्रोलच्या टाकीत आतून गंज. खाडीची हवा, दुसरं काय! टाकी सोडवून धुवायला हवी होती, आणि जुन्या गाड्यांचं काम करावं रोह्याच्या दत्तू मेस्त्रीनेच, असं सगळे म्हणायचे.

सगळे ज्याला चांगला म्हणतात, त्याच्याकडे मी जरा जास्तच बारकाईने बघतो. माझा स्वभावच तसा. पोस्टमनने पाकीट दिलं की मी आधी डिंक तपासतो. माझ्या मनात आलं, टाकी एकदा बाहेर निघाली की तीच परत आत जाईल, याची हमी काय? मूळची ठेवून घेतली आणि भंगारातली काळी रंगवून बसवली, तर?

म्हणून मी एक खबरदारी घेतली. रविवारी दुपारी अंगणात पोतं अंथरून गाडीखाली शिरलो, आणि खिळा-हातोडीने टाकीच्या पत्र्यावर एका ओळीत तीन टिंबं ठोकली. गुप्त खूण! ताबडतोब डायरीत नोंद केली. माझी डायरी म्हणजे वेळेसकट. तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

सोमवारी गाडी घेऊन रोह्याला गेलो. दत्तू मेस्त्रीने गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून वास घेतला.

"सायेब, टाकी गळतीय."

"काल गळत नव्हती!"

"काल मी बगितली नाय. आज बगतोय."

पाहिलंत? आल्या आल्या काम वाढवलं! मी डायरी काढली. '९.४०. पोहोचताच गळती दाखवली. संशयास्पद.'

त्याने आधी बॅटरीची वायर सोडवली. मग गाडी ढकलत शेडबाहेर, आंब्याखाली नेली. मी वाकून बघायला खिशातला टॉर्च काढला, तर माणूस माझ्यावर झेपावलाच.

"बटन दाबू नका! ठेवा तो खिशात. आनि तुमी तिकडं चा घ्या जा."

"मी घेऊन आलोय चहा."

"मंग अजून एक घ्या."

'९.५५. उजेड नको म्हणतो. मला दूर पाठवतो.' आता तुम्हीच विचार करा, सज्जन माणसाला उजेडाची भीती कशाला?

मी चहाच्या टपरीमागून नजर ठेवली. त्याने पेट्रोल डब्यात काढलं, डब्याला झाकण लावून तो लांब नेऊन ठेवला. टाकी उतरवली. आणि मग काय केलं असेल? नळी लावून टाकीत पाणी सोडलं! काठोकाठ! पेट्रोलच्या टाकीत पाणी! मी धावतच गेलो.

"हे काय चाललंय?"

"धुतोय."

"रिकामी तर केलीत ना टाकी?"

"सायेब, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. पेट्रोल गेलं तरी त्येची वाफ आत बसून ऱ्हाते. पाण्यानं ती हाकलायची, मंगच गळती बुजवायला, डाख द्यायला तापलेलं लोखंड जवळ न्यायचं. बुधवारी या."

रिकामी टाकी जास्त धोक्याची! मला काय कुकुल्लं बाळ समजला? '११.०५. थापा मारतो. दोन दिवस मागितले.'

बुधवारी गेलो. टाकी आंब्याखाली उन्हात ठेवलेली, काळी कुळकुळीत, रंगवलेली. मेस्त्री आत हात धूत होता. मी गुडघ्यावर बसून खालच्या कडेवर बोट फिरवलं. एकदा, दोनदा, दहादा. टिंबं नव्हती!

मी तडक अण्णांचं घर गाठलं. म्हटलं, धाकट्याने सांगण्याआधी आपणच चोर पकडून द्यावा.

"अण्णा, सांगायला वाईट वाटतं. आपली टाकी गेली."

अण्णा काठी घेऊन रिक्षात बसले. वाटेत एकच वाक्य बोलले, "पुरावा आहे?"

"लेखी आहे," मी म्हणालो. तेव्हा माझी छाती किती फुगली होती, काय सांगू!

आंब्याखाली अण्णा खुर्चीवर बसले. मेस्त्री कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी घसा साफ करून डायरी सुरुवातीपासून वाचायला घेतली, खणखणीत आवाजात.

"'रविवार. २.१०. टाकीवर गुप्त खूण केली. खिळा व हातोडी. तीन टिंबं. जागा, मागची डावी कड, चार बोटं आत. २.३०. हाताला पेट्रोलचा वास. साबणाने तीनदा धुतला, जात नाही.'"

वाचता वाचता माझाच आवाज बारीक होत गेला.

मेस्त्रीने टाकी उलटी केली, चार बोटं मोजली आणि पात्याने रंग खरवडला. खाली डाखाचे तीन पांढरे ठिपके. एका ओळीत.

"अण्णा, दोन दिस मी इचार करतोय," तो म्हणाला. "एक भोक आरपार, दोन पाझरनारी. म्हटलं, ह्यो गंज काय पट्टी घेऊन बसला व्हता?"

मग तो माझ्याकडे वळला आणि मटकन खालीच बसला.

"सायेब, खिळ्यावर हातोडी? पेट्रोलच्या टाकीवर? येक ठिनगी उडाली असती तर?"

अण्णांनी चष्मा काढला.

"माझी लेक कुठे होती तेव्हा?"

"घरातच. पडवीत."

"काय करत होती?"

"चहा," मी म्हणालो. "स्टोव्हवर."

मी मेस्त्रीपुढे हात जोडले. तो म्हणाला, "आता तुमी खरंच चा घ्या जा."

"थांबा," अण्णा म्हणाले. "ती वही आणा इकडे. पेनही."

वही गुडघ्यावर ठेवून, घड्याळात बघून, त्यांनी अगदी माझ्याच पद्धतीने नोंद केली. खाली सही ठोकली. आणि मला मोठ्याने वाचायला लावली.

'११.२०. टाकी अस्सल. मेस्त्री अस्सल. जावयाची खात्री देता येत नाही.'

गाडी माझ्याकडेच राहिली. कार्यालयाच्या दारात अण्णा तिच्यातूनच उतरले. चालवायला मात्र दत्तू मेस्त्री होता. ते पान फाडून टाकावं, असं मला कितीदा वाटलं! पण करणार काय? ज्या वहीतलं पान फाटलेलं असतं, त्या वहीच्या मालकावर माझा मुळीच विश्वास नसतो.