निळं, जाडजूड, पाठीवर शाईचा डाग

ग्रंथालयातल्या काकांना पुस्तकाचं नाव सांगावं लागत नसे. “ते निळं, जाडजूड, पाठीवर शाईचा डाग असलेलं,” एवढं म्हटलं की स्वारी कपाटांमागे गडप, आणि दोन मिनिटांत पुस्तक टेबलावर! एकतीस वर्षं हेच. काकू म्हणत, “घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि तिथे म्हणे पंधरा हजार पुस्तकं तोंडपाठ!”

खरी गोम त्या चष्म्यातच होती. काकांची नजर अधू होत चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. काकांनी कुणाला कळू दिलं असेल तर शपथ! कळलं की उचलून फाटकावर बसवतील, ही धास्ती. पुस्तकांपासून लांब बसणं त्यांना कल्पनेतही नको होतं.

अशात संगणक विभागाने सुधारणा केली. वाचकाने बाहेर पडद्यावर पुस्तक निवडायचं. आत कपाटांपाशी बोटभर चिठ्ठी छापून येणार, तिच्यावर नऊ आकडी क्रमांक. झालं! वाचक बाहेर, काका आत, विचारणार कुणाला? काका अंदाजाने पुस्तकं काढू लागले. पहिल्याच आठवड्यात बावीस चुकली. ग्रंथपाल बाई संगणक विभागावर उखडल्या. तिकडून उत्तर आलं, “यंत्र ठणठणीत आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!”

त्या विभागातल्या एका ताईला मात्र राहवलं नाही. ती सकाळी कपाटांपाशी येऊन उभी राहिली. काकांनी चिठ्ठी उचलली, बराच वेळ निरखली.

“काका,” ती हळूच म्हणाली, “चिठ्ठी उलटी आहे.”

“चष्मा घरी राहिला.”

“चष्मा डोळ्यांवर आहे, काका.”

काका स्टुलावर बसले. “कुणाला सांगू नका हो. फाटकावर बसवतील मला.”

“बाईंना सांगावं लागेल. पण मी सोबत येते.”

बाईंनी आधी काकांना चांगलं फैलावर घेतलं, “एकतीस वर्षांची ओळख आणि माझ्यापासून लपवता?” मग डोळे पुसले. ताई म्हणाली, “यांना जे ठाऊक आहे ते आमच्या यंत्रात नाहीच.” दुसऱ्या दिवसापासून काका पुस्तक हातात घेऊन सांगायचे, ताई टिपायची. रंग, जाडी, फाटका कोपरा. पाच महिने लागले. मग चिठ्ठ्या टपोऱ्या अक्षरांत येऊ लागल्या: हिरवं, दोन बोटं जाड, कपाट सहा, खालचा कप्पा. वाचकांनाही पडद्यावर तसंच शोधता येऊ लागलं. अहो, पुस्तकाचं नाव लक्षात राहतं कुणाच्या! काका निवृत्त होईपर्यंत कपाटांतच राहिले.

निवृत्तीनंतर वर्षाने काकूंचा हात धरून ते आले. तोवर दिसणं जवळजवळ संपलं होतं. टेबलावरची मुलगी नवी, तिने त्यांना ओळखलं नाही.

“बेटा, ते निळं, जाडजूड, पाठीवर शाईचा डाग.”

दोन मिनिटांत पुस्तक हातात! काकांनी पाठीवरून अंगठा फिरवला. “तुला कसं गं सापडलं?”

“चिठ्ठीत सगळं लिहिलेलं असतं, आजोबा. कुणीतरी फार मायेने लिहून ठेवलंय.”

खिडकीपाशी बसून काकांनी पुस्तक काकूंच्या मांडीवर ठेवलं.

“वाच,” ते म्हणाले. “जरा मोठ्याने.”