अब्बा दोह्यातच राहिले

मी कतारला निघालो तेव्हा दापोलीच्या एसटी स्टँडवर अब्बांनी माझी बॅग स्वतः उचलून गाडीत ठेवली. आई रडत होती. अब्बा तिला म्हणाले, "परक्या मुलखात नाय चाललाय तो. आपल्याच माणसांत चाललाय." आमचे पूर्वज अरबस्तानातून गलबतांनी कोकणात उतरले, हे त्यांनी आम्हा भावंडांना इतक्यांदा सांगितलं होतं की मलाही धीर वाटला.

फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी जोरात होती, सगळं दोहा खणलेलं. स्टेडियमकडे जाणाऱ्या रस्त्याखालच्या ड्रेनेजचं काम माझ्याकडे होतं. साइटवरच्या अरब साहेबांना मी 'हिंदी', म्हणजे इंडियावाला. माझं नाव त्यांच्याच भाषेतलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. ओल्ड एअरपोर्ट भागात आमच्या बिल्डिंगमध्ये नाशिकचा सुहास राहायचा. पहिल्याच भेटीत तो कौतुकानं म्हणाला, "तुझं मराठी छान आहे रे." मी शुक्रन म्हणून हसलो. घरी आम्ही दुसरं काही बोलतच नाही, हे सांगायचं राहून गेलं.

मग अब्बा व्हिजिट व्हिसावर आले. अल गराफातल्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांनी शेजारच्या वृद्ध कतारी गृहस्थांना, पाठ करून आणलेल्या अरबीत, आमचं कुळ सांगितलं. गृहस्थांनी अदबीनं ऐकून घेतलं, अब्बांचा हात हातात धरला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "इंडिया में किधर?"

"रत्नागिरी," अब्बा म्हणाले.

त्याच आठवड्यात झोपेत त्यांचं हृदय थांबलं. चुलते फोनवर म्हणाले, नशीबवान, अरबांच्या मातीत गेला. आई म्हणाली, "मय्यत ताटकळत ठेवू नको. तिथंच दफन कर." मग म्हणाली, "माझी जागा मात्र इथंच असणार."

दुपारच्या नमाजनंतर ओळखदेख नसलेल्या माणसांनी जनाजा उचलला. अरब होते, सुदानी होते, बंगाली होते. खांदा द्यायला मलाच वाट काढावी लागली. सुहास कब्रस्तानच्या फाटकाबाहेर उन्हात उभा राहिला. आत आलेलं चालेल का, हे त्याला कळत नव्हतं आणि मला बोलवायचं सुचलं नाही.

सामने जवळ आले तसं रस्त्याचं काम खलास. कंपनीनं माणसं कमी केली, माझाही व्हिसा रद्द झाला. शहरभर पाहुण्यांच्या स्वागताचे फलक लागले होते तेव्हा मी सामान बांधत होतो. निघण्याआधी कबरीवर गेलो. फातिहा अरबीत म्हटली, बाकीचं आपल्या बोलीत बोललो.

गावात सगळे म्हणतात, परत आलास, आता बरं वाटत असेल. वाटतंही. पण ईदच्या नमाजनंतर गावचे लोक आपापल्या वडिलांच्या कबरीशी थांबतात, तेव्हा मी आजोबांच्या कबरीपाशी उभा राहतो. घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी दापोलीच सांगतो. अब्बांना भेटायचं तर मला व्हिसा मागावा लागतो.