कुकरवाल्याचा सवाल

२३ जूनची गोष्ट. कुकर शिट्टी देईना, म्हणून लातुरातल्या नेहमीच्या कुकरवाल्याकडे गेले. हा माणूस दुरुस्त केलेला कुकर स्वतः गॅसवर चढवतो आणि शिट्टी होईपर्यंत त्याच्या शेजारीच उभा राहतो. दुकानातल्या टीव्हीवर अणुबॉम्बची चर्चा चालू होती.

कुकर घेऊन आलेल्या एक बाई भेदरून म्हणाल्या, “असलं करून ठेवणाऱ्यांना काहीच वाटत नसंल का?”

मी शाळेत विज्ञान शिकवते. ठणकावून सांगितलं, “शास्त्रज्ञ फक्त बनवतात. वापरणारे दुसरे.”

कुकरवाला हसला. “मॅडम, भात तुमीच लावता. पण कुकर फुटला तर मला सोडता का?”

माझ्या कुकरसाठी सेफ्टी वॉल्व्ह, म्हणजे कोंडलेली वाफ सोडून कुकर फुटू न देणारा, काढायला त्यानं डब्यात हात घातला आणि थबकला. सकाळी जवळच्या मुरुडच्या एका म्हातारीच्या कुकरला बसवायचा नवा वॉल्व्ह डब्यातच होता. तिला चुकून जुनाच बसवून दिला होता; शिट्टी झाली, म्हणून लक्षात आलं नव्हतं. तिचा फोन लागेना.

“आता वरण लावंल की म्हातारी! तुमचं उद्या बघू, मॅडम,” म्हणत त्यानं शटर ओढलं आणि मुरुडच्या एसटीमागं धावला.

प्रयोगशाळेतल्या गॅसच्या नळ्या तपासल्याची सही मी आठवड्यापूर्वी न बघताच केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली यायच्या आत शाळेत गेले आणि एकेक नळी साबणाच्या पाण्यानं तपासली. दोन गळक्या निघाल्या, त्या फेकल्या.